हळदीआधी बाबाची अंघोळ

यंदा आमच्या वाडीतल्या बायकांची गाडी तुळजापूरला गेली, तिच्यात मीही होते. बाकीच्या दर्शन घेऊन परतल्या आणि मी तिकडेच मागे राहिले. आता जी ती विचारते, "एवढे दिवस तिथे केलंस काय?" मला धड सांगता येत नाही. चार जणी समोर बसल्या की माझं बोलणं घशातच अडकतं. एकटीने लिहायला बसलं की मात्र सगळं नीट आठवतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी जसं घडलं तसं लिहून ठेवायला तेवढी पुरते.

आधी गुरुजींविषयी सांगायला हवं. ते धाराशिव जिल्ह्यातले, पण नोकरीची पहिली सगळी वर्षं आमच्या कोकणातल्या शाळेत काढली. ते आणि त्यांची बायको रेखा आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. रेखाला आमचा पाऊस सोसायचा नाही. तिच्या तान्ह्या मुलीची लंगोटी चार दिवस वाळत नसे. ती रडकुंडीला यायची आणि मी ते कपडे आमच्या चुलीवरच्या दोरीवर टाकायची. एवढंच काय ते मी केलं. पुढे बदली होऊन ते आपल्या गावी गेले. निघताना रेखा म्हणाली होती, "मावशी, तुळजापूरला आलात आणि आमच्याकडं न येता गेलात तर बघा." माणसं निघताना असं बोलतातच. पण रेखाचा फोन दर दिवाळीला येत राहिला.

तुळजापूर

पायऱ्या उतरून गोमुखाखाली पाय धुतले, रांगेत उभ्या राहिलो. देवीसमोर पोचल्यावर मागायचं ते सगळं विसरले. नुसते हात जोडले आणि मागच्या गर्दीने मला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर आठवलं, पण परत आत कोण सोडणार? कवड्यांच्या माळांच्या दुकानाशी माझी एक चप्पल तुटली. ती हातात धरून मी स्टँडवर पोचले, तर रेखा समोर उभी. येतेय असं तिला आधी फोनवर कळवलं होतं. तिने भर रस्त्यात मला मिठी मारली. मी लाजून मेले. एका हातात चप्पल होती, दुसऱ्यात प्रसाद, मला तिला धरताही येईना.

घरी फोन लावला. हे म्हणाले, "राहा की. म्हशीचं मी बघतो." आमच्या ह्यांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द क्वचित येतात, म्हणून मी ते परवानगी म्हणूनच धरले.

गुरुजींचं गाव

गाव अणदूरच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. नाव लिहीत नाही, कारण मी गुरुजींना विचारलेलं नाही.

आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून बघावं लागतं. तिथे आभाळच आभाळ. जमीन काळी, सपाट, तिच्यात ज्वारी उभी आणि मधेमधे तूर. पहिल्या संध्याकाळी मी अंगणात उभी राहिले आणि मला उघड्यावर आल्यासारखं वाटलं, पाठीशी डोंगर नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सवय झाली.

पाण्याची चूक मात्र पहिल्याच दिवशी केली. प्रवासातून आलेली, म्हणून न्हाणीतली घागर उचलली आणि आमच्याकडच्यासारखी पायावर सोडली. गुरुजींच्या आई दारात बसून बघत होत्या. नंतर रेखाने हसत सांगितलं, "मावशी, तुमच्या पायांनी आमचा उद्याचा स्वयंपाक पिला." नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं म्हणे. मला रडूच आलं. तर त्या आई म्हणाल्या, "असू द्या हो. कोकणातले पाय हायत, त्यांची तहान मोठी." त्यानंतर मी तांब्याने पाय धुवायला शिकले.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, आमटीला लावतात. मी भाकरीचा तुकडा मोडून आमटीला टेकवत होते. आईंना ते बघवेना. "बोटानं काय शिवताय तिला? चुरा, हातानं चुरा, वर आमटी ओता." चुरून खाल्ली आणि खरंच वेगळी लागली. शेवटी माझ्यासाठी म्हणून मुद्दाम भात आला. मूठभरच, पण सगळ्यांच्या आधी मला वाढला. घरात तांदूळ सणासुदीला शिजतो हे मला माहीत होतं. म्हणून तो मी अगदी सावकाश जेवले.

गुरुजींनी गावात एक इतिहास मंडळ काढलं आहे. नाव मोठं, माणसं थोडी. गुरुजी, एक किराणा दुकानवाले, दत्ता पेंटर आणि रेखाच्या ओळखीच्या काही बायका. गावाभोवती काटेरी झुडपांत जुने कोरीव दगड पडले होते, ते त्यांनी शोधून उभे केले. वीरगळ म्हणतात त्यांना. कुणी लढताना मेला की त्याच्या आठवणीला पूर्वीचे लोक असा दगड उभा करत. आमच्याही देवळामागे असे दोन आहेत. त्यांच्यावर शेवाळ असतं आणि मुलं बसून बोरं खातात. ते कुणाचे हे मी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

मंडळाने दगड उभे केले ते चांगलं केलं, पण पुढे एक घोटाळा केला. ऊनपावसाने दगड झिजू नयेत म्हणून त्यांना ऑइलपेंट दिला. गावात पेंटर घरचा होता. दत्ताने फुकट काम केलं आणि जीव ओतून केलं. जिथे कोरीव काम झिजलं होतं तिथे त्याने भिंतीच्या भेगा बुजवतात ती लांबी भरली आणि आपल्या मनाने नाकडोळे काढले. गावाने कौतुक केलं, पेपरात फोटो आला. मग बाहेरून दगडांतल्या जाणकार एक बाई बघायला आल्या. त्यांनी ते रंगीत दगड पाहिले आणि डोक्याला हात लावून तिथेच मातीत बसल्या. रंगाने दगडात ओल कोंडते आणि तो आतून सुटत जातो, असं त्यांनी समजावलं. मंडळाने आपली चूक लगेच मान्य केली, याचं मला फार कौतुक वाटलं. तेव्हापासून गुरुजी आणि बायका सुट्टीच्या दिवशी तो रंग उतरवतात. दत्ता तेव्हापासून दगडाला हात लावत नाही. येतो, पण लांब पाठमोरा बसतो.

रविवार, लिंबाखाली

शेवटचा एकच मोठा दगड राहिला होता. तो शिवारात, लिंबाच्या झाडाखाली. रविवारी रेखा मला तिकडे घेऊन गेली.

काय तो थाट होता! डोक्यावर सोनेरी मुकुट, निळा अंगरखा, हातात तलवार, वळवलेली मिशी आणि पायाशी पांढरे घोडे. खरं सांगते, मला तो तसाच आवडला होता. पण मंडळाच्या मधे बसून हे कसं बोलणार?

रेखाने सांगितलं, "ह्यो धनगरांचा बाबा. पल्याडच्या गावात एक घर हाय, त्यांचा मूळपुरुष. हल्ली दर चैत्रात येतात आणि घरात लग्न असलं की पहिली हळद ह्याला लावतात."

"त्यांना विचारलंत ना रंग काढायचं?" मी हळूच विचारलं.

"ह्यांनी इचारलं. त्यांचा पुतण्या सोलापुरात असतो, त्यानं सांगितलं, करा की."

काम असं होतं. रंग सैल करायचं औषध ब्रशने लावायचं, थोडं थांबायचं, मग बांबूच्या कामटीने रंग पुढे ढकलायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचं. लोखंड लावायचं नाही, तारेचा ब्रश नाही, घाई नाही. पुरुष जोर करतात म्हणून चेहरे बायकांकडे. गुरुजींनी माझ्या हातात कामटी दिली. "मावशी, तुमचा हात शांत आहे. डावा गाल तुम्ही घ्या."

गोरा रंग गेला, त्याखाली अस्तराचा लाल निघाला आणि मग काळा, गार दगड. आधी गाल, मग कान, मग अर्धी मिशी. मिशी निघताना बायका हसल्या. पाठमोरा बसलेला दत्ता न वळताच म्हणाला, "मावशी, मिशी जपून काढा. लई मन लावून काढली हुती." त्यावर कुणी हसलं नाही.

दुपार कलली आणि शिवारातून एक पिकअप आला. पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'सरदार' लिहिलं होतं. रेखाने डोक्यावर पदर घेतला आणि पुटपुटली, "अगं बाई, धनगर आले. आत्ताच कसे आले?"

गाडीतून एक धिप्पाड माणूस उतरला. तो बिरू. मागून दोन बायकांनी धरून एका म्हाताऱ्या बाईंना उतरवलं. त्या त्याच्या आई, कोंडाबाई. बिरूच्या मुलीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद, तिसऱ्या दिवशी अक्षता. त्याआधी बाबाला नारळ देऊन बोलवायला ते आले होते. आमच्याकडे ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात, तसंच ते.

बिरू जागीच थांबला. "कुनी इस्कटलं ह्ये?"

गुरुजी पुढे झाले. "बिरूभाऊ, तुमच्या पुतण्याला इचारलं हुतं."

"त्यो सोलापुरात ऱ्हातो, मास्तर! त्याला बाबाचं त्वांड कुनीकडं हाय त्ये तरी ठाव हाय का? त्याला इचारलं, आन म्हातारीला न्हाय इचारलं?"

 बिरूचं म्हणणं खरंच होतं.

"परवा लगीन हाय. इवाई म्हनलाय, तुमचा सरदार बघाया येतो. काय दावू त्याला? अर्धं त्वांड गोरं, अर्धं काळं? तुमाला संबाळाया जमत न्हाय ना? उद्या साखळी आनतो, दगड उपटून गाडीत घालतो आन माज्या दारात नेऊन लावतो. संपला विषय."

इवाई म्हणजे व्याही. ते कळायला मला क्षण लागला, पण बाकीचं चांगलं कळलं. दगड कमरेएवढा जमिनीत होता आणि मधून त्याला आडवी चीर गेलेली होती. ती सकाळी गुरुजींनीच मला दाखवली होती. साखळीने ओढला असता तर त्याचे दोन तुकडे झाले असते. गुरुजींचा चेहरा उतरला. "बिरूभाऊ, तेवढं करू नका. तो फुटंल," एवढंच ते म्हणाले.

मी अजून दगडासमोरच बसले होते, कामटी हातात. उठावं म्हटलं तर पायाला मुंग्या आलेल्या. कोंडाबाई काठी टेकत थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू कुठली गं?"

"कोकणातली," मी म्हणाले. म्हणजे ओठ हलवले.

"मोठ्यानं बोल. मला ऐकू कमी येतंय."

"कोकणातली!" मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. लिंबावरचे कावळे उडाले.

"कोकनातनं? येवढ्या लांबनं बाबाचं त्वांड धुवाया आलीस?"

त्या विचारत होत्या की रागावत होत्या, मला कळेना. एवढं लांबलचक सगळं कसं समजावणार? मी नुसतं म्हटलं, "हो."

कोंडाबाई काठी बाजूला ठेवून माझ्या शेजारी मातीत बसल्या. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या वाट्याच्या उघड्या गालावरून फिरवला. नाक झिजलेलं होतं, तिथे बोट थांबलं. मग रंगवलेल्या बाजूवरून हात नेला आणि परत उघड्या बाजूवर आणला.

"हिकडं गार लागतंय," त्या म्हणाल्या. "बिरू, हळद लावायच्या आदी नवऱ्याला अंघोळ घालत्यात का न्हाय?"

"घालत्यात की, आये. पर..."

"मग आपुन ह्येला कंदी घातली? आलो की तसाच, पारोसा, हळद फासतोय." मग माझ्याकडे वळल्या. "घाल गं बाई. थांबू नगंस. खाली बी घाल."

बिरू लांब जाऊन गाडीला टेकला. रेखाने आणि मी खालच्या भागाला औषध लावलं. तिथे दत्ताचे पांढरे घोडे होते. लांबी जाड होती, फुगून पापुद्रे सुटायला लागले. घोड्याच्या कानांमागून आधी एक टोक निघालं, मग वळण, मग दुसरं टोक. शिंगं होती ती. एका घोड्याची गाय झाली, मग दुसऱ्याची. दत्ताला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो उठून जवळ आला. "मला वाटलं कान तुटल्यात," तो म्हणाला. "म्हनून बुजिवलं म्या."

"सरदाराला गाई कशाला?" बिरू लांबूनच म्हणाला.

गुरुजींनी सांगितलं, की पूर्वी गाई पळवायला टोळ्या यायच्या आणि त्यांच्याशी लढताना मेलेल्यांचे असे पुष्कळ दगड आहेत. हा कोण, कधीचा, याचं नाव काय, ते दगडावर लिहिलेलं नाही. "आम्हाला ठाऊक नाही, आजी. उगाच सांगणार नाही."

बाबाच्या पायामागे एक हिरवा उंचवटा होता, दत्ताने झुडूप म्हणून रंगवलेला. माझी कामटी तिथे चालली होती. आधी वळलेलं शेपूट निघालं, मग बारीक पाय, मग टवकारलेला कान. मी काही बोलायच्या आत कोंडाबाईंचं बोट त्या कानावर गेलं. त्या कितीतरी वेळ तिथे चाचपत राहिल्या.

"कुत्रं हाय," त्या म्हणाल्या.

गुरुजी वाकून बघायला लागले.

"बिरू, कुत्रं हाय रं! कंचा सरदार कुत्रं घिऊन लढाया जातोय? ह्यो आपलाच हाय. रानात हुता, जनावरं राखत हुता. कुत्रं बी सोडून गेलं न्हाय त्येला." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग त्याच पदराने कुत्र्याचं तोंड पुसलं.

बिरू जवळ आला, वाकून बघितलं, मग वर मुकुटाकडे बघितलं. मुकुट अजून तसाच सोनेरी होता, लांबीचा चांगला जाड थर. "मुकुट तरी ऱ्हाऊ द्या, आये," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा आला.

"तुज्या लेकीचं लगीन हाय. तुजं तू ठरीव," म्हातारी म्हणाली. "पर साखळीचं बी तूच ठरीव."

तो वळून गाडीत बसला आणि ते गेले. गुरुजींनी मुकुटाला कुणालाही हात लावू दिला नाही. घरी आल्यावर भाकरी मोडून ठेवली आणि जेवले नाहीत. त्यांच्या आईने एकदाच विचारलं, "कुनाला इचारायचं हुतं?" ते म्हणाले, "म्हातारीला." "मग?" "चुकलं." आईंनी त्यांच्या ताटात चटणी वाढली आणि विषय तिथेच सोडला.

हळद

सकाळी ऊन पडायच्या आत आम्ही लिंबाखाली होतो. पिकअप आला. मागे बायका गाणी म्हणत होत्या, एक जण हलगी वाजवत होता, आणि बायकांच्या पायाशी जाडजूड लोखंडी साखळी पडली होती. गुरुजींनी ती बघितली. मीही बघितली.

बिरू नव्या पांढऱ्या कपड्यात होता. तो सरळ माझ्यासमोर आला आणि हात पुढे केला.

"मावशी, ती कामटी हिकडं द्या."

मी दिली. गुरुजींनी औषध लावून दिलं. पण बिरूला थांबवेना, त्याने लगेच जोर केला. माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू!" कुणी विचारलं नसताना मी पुरुषमाणसाला बोलले होते. मला वाटलं, आता हा उसळणार.

"व्हय," तो म्हणाला आणि हात हलका केला.

मुकुट सुटला तो एका तुकड्यात सुटला. खाली केसांची गाठ होती, डोक्यावर बांधलेली. "बाबाचा बुचडा!" असं म्हणून गाडीतल्या पोरी खिदळल्या. बिरूही हसला. मुकुटाचा सोनेरी तुकडा त्याने टाकला नाही, फुंकर मारून सदऱ्याच्या खिशात ठेवला. साखळी खरंच दगडासाठी आणली होती की लग्नाच्या जनरेटरसाठी, हे कुणी विचारलं नाही.

मग कोंडाबाईंनी हळदीचं ताट पुढे घेतलं आणि नवीनच पेच पडला. गुरुजी म्हणाले, "आजी, जाणकार बाईंनी सांगितलंय, धुतलेल्या दगडाला तेल-हळद लावायची न्हाय. डाग बसतो."

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आन मग अंघोळ कशापायी घातली, मास्तर? हळद लावायची न्हाय तर ह्यो बाबा न्हवं, नुस्ता दगडच म्हना की."

 गुरुजी कधी बाबाकडे बघत, कधी ताटाकडे. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी ते म्हणाले, "त्वांड सोडा. पायाला लावा. थोडी."

"त्वांड सोडते. दिसू दे सगळ्यास्नी," कोंडाबाई म्हणाल्या. त्यांनी एक बोट बाबाच्या पायाला लावलं, एक कुत्र्याला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते. मग ताट घेऊन त्या उठल्या आणि थेट लांब बसलेल्या दत्ताकडे गेल्या. तो गडबडून उभा राहिला.

"ह्यो रंगीवनारा तूच न्हवं?"

"व्हय, आजी. चुकलं माजं."

"काय चुकलं? माजी सासू सांगायची, लिंबाखाली बाबा हाय. सगळं शिवार हुडकलं, काट्यात कुठं घावंना. तू रंगिवलास आन लांब सडकंवरनं मला निळं दिसलं. तवा आमी आलो. तू नसतास तर माज्या नातीला बाबाची हळद मिळाली नसती." असं म्हणून त्यांनी दत्ताच्या दोन्ही गालांना हळद लावली. चांगली थापली. जी बाबाला लावता आली नाही, ती सगळी.

दत्ता तसाच पिवळ्या गालांनी येऊन दगडापाशी बसला. मुकुटाखाली थोडा रंग राहिला होता. त्याने बिरूजवळची माझी कामटी घेतली आणि तो काढायला लागला.

लग्न

कोंडाबाईंनी मला जाऊ दिलं नाही. मग मी लग्नालाही गेले. मांडवात माणसांचा समुद्र, त्यात मी एकाही माणसाला ओळखत नव्हते, पण बायका आपल्या मधे जागा करून मला बसवत होत्या. "ही कोकनातली, बाबाला न्हाऊ घातलं ती," असं एकमेकींना सांगत होत्या. पंगतीत परत येसराची आमटी होती. मी आता न सांगता चुरली. वाढणारीने बघितलं आणि आणखी ओतली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि इवायाने विषय काढलाच. "बिरूभाऊ, सरदार दावता ना?" मोठा फेटा बांधलेला, मिशाळ माणूस. बिरूने एकदा आईकडे बघितलं आणि म्हणाला, "चला."

दोन गाड्या भरून आम्ही लिंबाखाली गेलो. गुरुजी, रेखा, दत्ता आधीच तिथे होते. इवाई दगडासमोर उभा राहिला. खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं.

"सरदार कुठाय?"

बिरूचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. त्याने घसा साफ केला, उकिडवा बसला आणि बोट दाखवलं. "आदी ह्येला बघा. कुत्रं हाय. आन ह्या गाई. आमचा बाबा जनावरं राखत हुता. त्येंच्यापायी गेला."

 फेटा सावरत इवाईही खाली बसला. त्याने कुत्र्याच्या कानाला बोट लावलं, मग शेपटाला. मला वाटलं, आता उठून काहीतरी लागेल असं बोलणार. मांडवातलं सगळं गोड कडू होणार.

"आमच्या बी वस्तीवर असलाच एक हाय," तो म्हणाला. "बुडाला कायतरी उंच उंच लागतंय हाताला. कुत्रंच असंल मग. आमी दर दसऱ्याला त्येला चुना देतो."

 मग सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी दत्ताकडे बघितलं, दत्ताने माझ्याकडे.

"किती वर्सांचा चुना?" गुरुजींनी विचारलं.

"माज्या आज्ज्यापास्नं," इवाई अभिमानाने म्हणाला.

गुरुजी मटकन मातीत बसले, डोक्याला हात लावून. मग त्यांनी हात काढला आणि विचारलं, "तुमच्या घरात थोरली बाई कोन हाय? मला आदी तिलाच इचारायचंय."